त्रेचाळिसावं बिऱ्हाड

भूकंपाला आमच्या वस्तीतली घरं पाडायला अकरा सेकंद लागले. मी तेच काम तीन सेकंदांत उरकलं, आणि तेही एका ओल्या ब्लँकेटच्या जोरावर.

भूकंपानंतर आम्हा बेचाळीस कुटुंबांची सोय एका शाळेच्या बॅडमिंटन हॉलमध्ये केली होती. तात्पुरती. या शब्दाची मला धास्ती आहे. मी पोस्टात चिकटलो त्या वर्षी आमच्या टेबलावर एक तात्पुरता पंखा आला होता. माझ्या निवृत्तीच्या फोटोत तो माझ्या शेजारी उभा आहे. तर हॉल तात्पुरता आणि भिंती त्याहून तात्पुरत्या. जमिनीवर खेळाच्या पांढऱ्या रेघा होत्याच, त्याच धरून घरं आखली होती. आम्ही सर्व्हिस कोर्टात. जरा पाय पसरले की शेजारच्या न्हाव्याच्या संसारात फाऊल. वर दोऱ्या, दोऱ्यांवर पडदे, आणि सगळ्या दोऱ्यांची टोकं शेवटी एकाच हुकाला बांधलेली, कारण भूकंपात तेवढा एकच हुक टिकला होता. जो टिकला त्याच्याच डोक्यावर सगळ्यांचा भार, हा नियम प्रत्येक घरातल्या कर्त्या माणसाला ठाऊक असतो. हुकाला कोणी सांगितला नव्हता.

"ब्लँकेट पिळून टाका हो," असं बायको म्हणाली होती. पण बत्तीस वर्षांच्या संसारात तिचं सगळंच ऐकलं असतं तर आज आमच्याकडे बोलायला विषय काय राहिला असता? मी डबलबेडचं ब्लँकेट निथळतं तसं दोरीवर फेकलं. "टक्" असा एक आवाज झाला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या वस्तीच्या भिंती जमिनीवर आल्या.

खऱ्या भूकंपात निदान पळायला सवड मिळते. इथे ज्याने त्याने होतं तिथेच राहून जगाला दर्शन दिलं. न्हावी स्वतःच्याच डोक्याला चोरून कलप लावत होता. वाटणीवरून पंधरा वर्षं एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन भाऊ मांडीला मांडी लावून पत्ते खेळत होते. आमच्या हॉलचे प्रमुख म्हणजे शाळेचे पीटीचे सर. रोज संध्याकाळी पाचला ते शिटी वाजवून सगळ्यांकडून आपापल्या पडद्याआड व्यायाम करून घ्यायचे. ते ती शिटी पडद्यामागे गादीवर लोळत वाजवतात, हे त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजून एक मिनिटाने कळलं.

पडलेल्या भिंतींवरून चालत एक बाई माझ्याकडे आली. गळ्यात मोजायची टेप, ओठांत दोन टाचण्या. तिने हुक बघितला, ब्लँकेट बघितलं, मग मला बघितलं.

"पिळता येत नाही का?"

"येतं ना."

"मग उचला ते. माझ्या भिंती भिजताहेत."

ही टेपताई. तिची आणि माझी ओळख ही अशी झाली. माणसं चहावर ओळख करून घेतात. मी तिच्या पंधरा दिवसांच्या मेहनतीवर पाणी टाकून घेतली.

'माझ्या भिंती' म्हणाली त्यात अतिशयोक्ती नव्हती. तीस वर्षं टेपताईने लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवले होते. आम्ही हॉलमध्ये आलो त्या दिवशी जो तो घरातून आणलेल्या चादरी टांगत होता. त्या इतक्या विरलेल्या, की पलीकडच्याने जांभई दिली की अलीकडच्याला झोप यायची. टेपताई सरांकडे गेली आणि तिने एवढंच विचारलं, "शाळेत शिवणवर्गाचं मशीन असेल ना?" मशीन जिन्याखाली, तुटक्या बाकांच्या ढिगात मिळालं. कापड दानातून आलेलं. दान देणाऱ्यांनी त्यांना नको असलेलं सगळं अगदी मोकळ्या हाताने दिलं होतं. हॉटेलच्या जुन्या चादरी, शाळेच्या रंगमंचाचा मखमली पडदा, जाहिरातींची कापडं. आमच्या वाट्याला एका बिल्डरची जाहिरात आली. 'स्वप्नातलं घर, कधीही तडा न जाणारं' या अक्षरांखाली मी आणि बायको रोज झोपायचो. तिला गाढ झोप लागायची. मी वाचत बसायचो.

भिंती टेपताईच्या म्हटल्यावर भिंतींची भांडणंही तिच्याकडेच यायची. एकदा न्हावी तक्रार घेऊन आला, "ताई, यांची भिंत आमच्यात चार बोटं सरकली." तिने टेप काढली, दोनदा मापलं. "भिंत जागच्या जागी आहे. तुमचं पोट सरकलंय," असं म्हणून टेप गळ्यात टाकली आणि गेली. त्या खटल्याचं अपील झालं नाही.

आता तिच्या घरात कोण कोण, ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ तिथेच आहे. घरात दोन बायका. एक ही, आणि दुसरी हिची सासू. खरं म्हणजे सासू नव्हे. टेपताईच्या नवऱ्याने चौदा वर्षांपूर्वी दुसरं घर केलं. रीतसर कोर्टात जाऊन सुटला. कोर्टात घराचा निकाल लागला, कपाटाचा लागला, आईसाठी मात्र कोणी अर्जच केला नाही. म्हणून ती जिथे बसली होती तिथेच राहिली. मुलगा आज येईल, उद्या नेईल, करता करता चौदा वर्षं झाली. तीही तात्पुरतीच राहिली होती म्हणा.

आम्ही सगळे तिला सासूबाई म्हणायचो. कायद्याने ती कोणाचीच सासू नव्हती, पण स्वभावाने ती सगळ्या हॉलची होती. टेपताईला ती 'कात्री' म्हणायची. भूकंपाच्या वेळी टेपताईने तिला उचललं आणि जिना उतरली. जिना तिच्या पाठोपाठ पडला. तिचं शिलाईचं मशीन वरच राहिलं. त्याबद्दल सासूबाईंनी तिला कधी क्षमा केली नाही.

"पोटावर पाय देऊन मला काय आणलंस? मी काय टाके घालते?"

"टाके नाही घालत. टोचता मात्र छान."

हॉलमध्ये आल्यावर तिसऱ्याच दिवशी सासूबाईंनी जाहीर केलं, "मला माझी वेगळी खोली पाहिजे. डोळे उघडल्या उघडल्या या कात्रीचं तोंड बघायचं नाही." दोघींना मिळून जागा किती, तर दोन सतरंज्या अंथरून चपला ठेवता येतील इतकी. पण टेपताईने वाद घातला नाही. त्या रंगमंचाच्या मखमलीतून मधला पडदा शिवला. सगळ्या हॉलमधलं उत्तम कापड, तेच तोंड न बघण्यासाठी वापरलं. बाहेरून आत जायलाही दोन वेगळी दारं केली.

आता माझा दुसरा पराक्रम. पहिल्यापेक्षा मोठा, पण आवाज न झालेला.

भिंती पडल्यावर टेपताईने दोन तासांत सगळं पुन्हा उभं केलं. या वेळी दर चार हातांवर वेगळी गाठ, म्हणजे माझ्यासारखा पुन्हा आला तरी एका वेळी एकच कुटुंब उघडं पडावं. मलाही काहीतरी भरपाई करावीशी वाटली. सर म्हणाले, "तुम्ही नंबर लावा. तेवढ्यात काही पडणार नाही." आमच्या घरांचे नंबर म्हणजे धावण्याच्या शर्यतीत पोरं छातीवर लावतात ते कापडी चौकोन, सेफ्टी पिनेने टाचलेले. मी ते गोळा करून एकेका दारावर लावत गेलो. सतरा नंबर टेपताईच्या दारावर लावला. शेजारी बघतो तर एक दार बिननंबरी. मला वाटलं, याचा कुठेतरी ढिगात हरवला असेल. गठ्ठ्यातून पुढचा कोरा करकरीत त्रेचाळीस नंबर काढला आणि त्यावर टाचला. सरळ आला का, तेही लांब जाऊन बघितलं.

ती सासूबाईंची खोली होती.

भूकंपाने घरं कमी केली होती. मी एक वाढवलं. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी सरकारी मोजणी आली. त्यांनी माणसं मोजली नाहीत, नंबर मोजले, कारण माणसं हलतात.

आठवड्याने फळ्यावर यादी लागली. गावाबाहेर पत्र्याच्या खोल्या तयार झाल्या होत्या. एका कुटुंबाला एक. एक्केचाळीस कुटुंबांना खोल्या होत्या. खाली वेगळ्या शाईत दोन ओळी. क्रमांक सतरा, एकटी महिला, पूर्वेकडचं महिला वसतिगृह. क्रमांक त्रेचाळीस, एकटी वृद्धा, पश्चिमेकडचा ज्येष्ठ निवारा. दोन्हींच्या मध्ये अख्खं गाव आणि दोन बसगाड्या.

सासूबाईंना दमा होता. तो उसळला की कोणीतरी तोंडात पंप धरायचा आणि दाबायचा. त्यांची बोटं संधिवाताने अशी वाकलेली की स्वतः दाबता यायचा नाही. ज्येष्ठ निवाऱ्यात ऐंशी म्हातारी माणसं आणि दोन परिचारिका होत्या. म्हणजे यांचा दम कोंडला तर आधी नंबर लावावा लागणार, आणि नंबर लावण्यात काय होतं ते मी दाखवलंच होतं.

"बरं झालं," सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "सुटले एकदाची." मग दुपारपर्यंत त्यांनी वेगवेगळ्या तीन माणसांना विचारलं की पश्चिमेकडे म्हणजे नेमकं कुठे, आणि तिथून बस किती वाजता असते.

टेपताई माझ्याकडे आली. हातात त्रेचाळीस नंबरचं कापड.

"हे कोणी लावलं?"

"मीच," मी म्हणालो. बायको मागून म्हणाली, "दुसरं कोण असणार?"

"तुमच्या हातून एक तरी गोष्ट होते का हो सरळ?"

"नंबर तरी सरळ लावलाय," मी म्हणालो. दोघी माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मी चपला घालायला लागलो.

टेपताईला घेऊन मी कचेरीत गेलो. तिथला कारकून सज्जन होता. तो शांतपणे म्हणाला, "एकदा झालेलं कुटुंब कमी करता येत नाही. वाढवायचं असेल तर सांगा, तो फॉर्म आहे."

"अहो, ते झालंच नव्हतं."

"यादीत आहे म्हणजे झालंय. कमी व्हायला कारण लागतं. मृत्यू, स्थलांतर किंवा विवाह."

"आता या दोघींचा विवाह तर लावता येत नाही," मी म्हणालो. त्याने खरोखर फॉर्म उलटून बघितला.

"नातं काय दोघींचं?"

"सासू-सून," टेपताई म्हणाली.

"कागदावर?"

"होतो."

"'होतो' हे नातं आमच्याकडे नाही, बाई."

शेवटी त्यानेच वाट काढली. घर एक की दोन, हा प्रश्न भिंतीचा. भिंत म्हटली की खातं इंजिनीयरचं. तेव्हा मधल्या भिंतीच्या पाहणीसाठी अर्ज करा. माझं अक्षर मोत्यासारखं आहे. माझं एवढंच एक बरं आहे. मी लिहिलं, "अनवधानाने सर्व पडदे खाली आले व त्यानंतर क्रमांक लावताना..."

टेपताई खांद्यावरून वाचत होती. "खाली आले? चालत आले का?"

"सरकारी भाषा असते ती."

"'मी पाडले' लिहा. पुढे, 'नंबरही मीच चुकवला' लिहा. आणि खाली सही ठसठशीत करा."

पोस्टात पस्तीस वर्षांत एकही चूक मी अशा स्पष्ट अक्षरात कबूल केली नव्हती.

इंजिनीयर गुरुवारी येणार होता. बुधवारी मला एक नामी युक्ती सुचली. मधला पडदाच काढून ठेवायचा! भिंत नाही म्हटल्यावर घर एकच. मी दोघींना समोर बसवून हे सांगितलं, आणि दोघी एकदम म्हणाल्या, "नाही." चौदा वर्षांत त्यांचं एकमत झालेलं कोणी ऐकलं नव्हतं.

"माझी खोली पाडायची?" सासूबाई कडाडल्या. "तुम्ही काय भूकंप आहात? पुन्हा पुन्हा येता!"

"पण सासूबाई, एक दिवस फक्त. नाहीतर पश्चिमेकडे..."

"जाईन. पण पडदा राहील."

मी टेपताईकडे बघितलं. ती म्हणाली, "लपवाछपवी करून मिळालेली खोली उद्या काढून घेतील. आणि त्यांना पडदा हवाय तर तो राहील." विषय संपला. माझ्या मनात आलं, की दोघी एवढ्या हट्टी आहेत तर त्यांना खरंच वेगवेगळ्या टोकांना ठेवलेलं गावाच्या दृष्टीने बरं. पण हे मनातच ठेवलं.

गुरुवारी इंजिनीयर आला. लहानखुरा, गंभीर, डोक्यावर हेल्मेट. कापडाच्या घरात हेल्मेट कशाला, हे विचारायचं धैर्य कोणाला झालं नाही. सवयीने त्याने आधी पडद्यावर बोटांनी टकटक केलं. मग बाहेरून दोन्ही दारं बघितली, नंबर बघितले, टेपताईच्या बाजूने आत जाऊन मधली मखमल वरपासून खालपर्यंत न्याहाळली.

"दोन दारं, दोन नंबर, मध्ये अखंड भिंत," तो म्हणाला. "म्हणजे बिऱ्हाडं दोन." आणि त्याने पेनाचं टोपण काढलं.

टेपताईने जमिनीवर बसून टेप ताणून धरली होती. "साहेब, आधी माप घ्या. दोन्ही खोल्या मिळून नऊ फूट..."

पलीकडे खोकला सुरू झाला. आधी साधा, मग तो लांबत गेला, आणि मग त्या खोकल्याला मागून श्वासच येईना.

टेपताईने मान वळवली नाही. टेप उजव्या हातातच राहिली. डावा हात मखमलीवर गेला, चार बटणं सटासट निघाली, आणि खांद्यापर्यंत हात भिंतीत शिरला. आत पंपाचा "फुस्स" आवाज दोनदा झाला. हात तिथेच थांबला. पलीकडे कोणीतरी लांब श्वास ओढला, मग दुसरा.

"...नऊ फूट सहा इंच," टेपताई म्हणाली. "लिहिलंत का?"

इंजिनीयरने काहीच लिहिलं नव्हतं.

"कात्री," आतून बारीक आवाज आला, "हात किती गार तुझा."

"बर्फात ठेवला होता. मुद्दाम."

इंजिनीयर गुडघ्यावर बसला. मीही वाकलो. इतके दिवस मी त्या भिंतीशेजारून जात होतो, पण मखमलीच्या चुण्यांत मला कधी काही दिसलं नव्हतं. पडद्याला चार चार काजांच्या फटी होत्या. पहिली जमिनीजवळ, उशीच्या उंचीवर. दुसरी हातभर वर. तिसरी उभ्या माणसाच्या तोंडाशी. पलीकडच्या बाजूला खिसे शिवलेले: एकात पंप, एकात चष्मा, एकात दातांची डबी. सगळे झोपल्या जागेवरून हात पुरेल असे.

"ही खालची पंपाची," टेपताई एखाद्या गिऱ्हाइकाला दाखवावं तसं सांगू लागली. "ही मधली चहाचा कप द्यायला."

"आणि ही वरची?"

"बोलायला."

"भांडायला म्हण," आतून दुरुस्ती आली.

इंजिनीयरने संशयाने विचारलं, "हे आधीपासूनचं आहे, की मी येणार म्हणून केलंय?"

टेपताईला मी रागावलेली पुष्कळदा पाहिली होती, दुखावलेली त्याच वेळी पाहिली. तिने खालच्या फटीची कड त्याच्या नाकासमोर धरली. "नीट बघा. वापराशिवाय काजाचा दोरा असा गुळगुळीत होतो? कालचं काज असतं तर कड उभी राहिली असती."

त्याने बोट फिरवून बघितलं. बराच वेळ बघितलं. या माणसाने महिनाभर भिंतींच्या भेगा तपासण्याखेरीज काही केलं नव्हतं. "बरोबर," तो म्हणाला. "जुनी भेग नव्या भेगेपासून आम्हीही अशीच ओळखतो." त्याने हेल्मेट काढून काखेत घेतलं आणि अगदी खात्याच्या आवाजात निकाल दिला, "दोन बिऱ्हाडांच्या सामाईक भिंतीला उघडझाप नसते. ही घरातली आतली भिंत आहे. बिऱ्हाड एक."

मी टाळी वाजवणार होतो. बायकोने हात धरला.

"एक कॉलम राहिला," इंजिनीयर म्हणाला. "परस्परांशी नातं."

टेपताई टेप गुंडाळायला लागली. तेव्हा वरच्या फटीतून सासूबाईंचा डोळा दिसला.

"एकाच माणसाने टाकलेल्या दोन बायका एकमेकींच्या कोण लागतात, ते तुमच्या कागदात बघा की."

बिचाऱ्याने प्रामाणिकपणे बघितलं. पान उलटलं, मागची टीपसुद्धा वाचली. "हा कॉलम माझ्या खात्याचा नाही," असं म्हणून त्याने तिथे एक आडवी रेघ मारली, आणि जाता जाता दारावरचा त्रेचाळीस नंबर काढून माझ्या हातात दिला. "हे तुम्ही सांभाळा," म्हणाला. अर्जातली माझी सही त्याने वाचली असणार.

पत्र्याच्या खोल्यांत आम्ही पुढच्या आठवड्यात गेलो. मी त्या दोघींचं सामान पोचवायला गेलो. वस्तू जड आणि न फुटणाऱ्या होत्या, म्हणून टेपताईने परवानगी दिली. खोली बारा बाय दहा. चारही बाजूंना खरी, वाजणारी भिंत. सासूबाई खिडकीशी बसून शेजाऱ्यांची पहिली निंदा करत होत्या. टेपताई मध्यावर उभी राहून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टेप लावत होती. मखमलीची घडी तिच्या पायाशी होती.

मला जरा भरून आलं. माणूस निवृत्त झाला की असं होतं. म्हणालो, "ताई, इतकं सगळं झालं, आता तुम्हा दोघींच्या मध्ये पडदा कशाला हवा?"

तिने ओठांतल्या टाचण्या काढल्या.

"पडदा लागणार, आणि तुम्ही त्याच्यापासून चार हात लांब राहायचं."